भीतीची बेरीज

संख्याशास्त्राची, आणि ते शिकवणाऱ्या माणसाचीही, भीती किती वाटते हे मोजायची पट्टी १९८५ सालापासून अस्तित्वात आहे. स्टॅट्स शिकवून पोट भरणाऱ्या मला तिचा पत्ताच नव्हता. लागला तो भाचीमुळे.

भाची फ्रान्समध्ये मानसशास्त्र शिकते. ठाण्यातल्या पुष्कळ मुलांसारखं तिनेही अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं. बाकीच्यांचं फ्रेंच बारावीचा पेपर दिला की संपतं, हिचं वाढत गेलं आणि शेवटी तिला विमानात बसवून आलं. तर त्या विद्यापीठात त्यांना स्टॅट्सच्या तासाला एक प्रश्नावली भरायला दिली. तिने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, यात तुझ्यावर पण प्रश्न आहेत.' मला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक ते पाचचे रकाने कुठल्याही भाषेत ओळखू येतात. मग रात्री फोनवर तिने एकेक विधान वाचून त्याचं मराठी सांगितलं. स्टॅट्सचे शिक्षक माणसात जमा आहेत की नाहीत, अशा धर्तीचंही एक विधान त्यात होतं. ते तिने दोनदा वाचून दाखवलं.

तिच्या हातात पडलेला कागद ज्या घराण्यातला आहे त्याचं मूळ अमेरिकेत. क्रूझ, कॅश आणि बोल्टन या तिघांनी १९८५ मध्ये 'स्टॅटिस्टिकल अँक्झायटी रेटिंग स्केल' मांडली. संशोधक तिला नुसतं 'स्टार्स' म्हणतात. एकंदर ५१ विधानं. पहिल्या २३ मध्ये प्रसंग दिलेले असतात, म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये शिरणं, शोधनिबंधातला तक्ता वाचणं, सरांकडे जाऊन अडलेलं विचारणं वगैरे, आणि त्या प्रसंगात किती धास्ती वाटते ते एक ते पाचमध्ये सांगायचं. उरलेली २८ मतं आहेत, त्यांच्याशी किती सहमत ते सांगायचं. या सगळ्यांचे सहा गट पडतात. सर्वांत मोठा, १६ विधानांचा गट 'या विषयाचा मला उपयोग काय' याचा. मग निष्कर्षांचा अर्थ लावण्याची धास्ती ११, परीक्षा आणि वर्ग ८, आकडेमोड आपल्याला जमते का याबद्दलचा स्वतःचा समज ७, शिक्षकांची भीती ५, आणि मदत मागण्याची भीती फक्त ४.

यातले काही प्रसंग आता गमतीचे वाटतात. संगणकातून निघालेल्या कागदांच्या भेंडोळ्यात डोकं घालून बसलेला विद्यार्थी पाहून तुम्हाला काय वाटतं, असं एक आहे. १९८५ सालचं ते चित्र. भाचीला ते विधान कळलंच नाही, तिने आयुष्यात असं भेंडोळं पाहिलेलं नाही. लॉटरी लागण्याची शक्यता समजून घेताना काय वाटतं, असंही एक आहे. ठाणे स्टेशनबाहेर लॉटरीची तिकिटं घेणाऱ्या काकांना हा प्रश्न विचारला तर ते म्हणतील, धास्ती कसली, आशा वाटते.

आता माझ्याकडची परिस्थिती सांगते. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझा क्लास आहे. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणतात, अजून उभी आहे. येणारी मुलं मुख्यतः दोन जातींची. एक सीए फाउंडेशनची. त्यांच्या क्वांटच्या १०० मार्कांच्या पेपरात ४० मार्कांचं स्टॅट्स असतं. ती मुलं घाबरतात ती निगेटिव्ह मार्किंगला, विषयाला नव्हे. दुसरी, आणि माझ्या जास्त जिव्हाळ्याची, मानसशास्त्राची. टीवायबीएला त्यांना मानसशास्त्रीय चाचण्या आणि संख्याशास्त्र असा जोडपेपर येतो, पुढे एमएला तर विचारू नका. ही मुलं, खरं तर बहुतेक मुलीच, दहावीच्या बोर्डाच्या पेपरनंतर गणिताला रामराम करून आर्ट्सला आलेल्या असतात. अकरावी, बारावी, एफवाय, एसवाय अशी चार वर्षं निवांत जातात आणि एकदम टीवायला प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, दार ठोठावतं. कळव्याहून, डोंबिवलीहून, ऐरोली-रबाळ्याहून संध्याकाळची गर्दी झेलत त्या येतात. पहिल्या दिवशी प्रत्येकीचं एकच वाक्य असतं, 'मॅम, माझं मॅथ्स खूप वीक आहे.'

मी हे वाक्य जसंच्या तसं धरून चालत होते. मॅथ्स वीक, म्हणून भीती. मग बेरजा-गुणाकार पक्के करून घ्या, वर्गमुळाचं बटण दाखवा, भीती जाईल. स्टार्सचे सहा गट समोर आल्यावर मी माझ्या एकेका विद्यार्थिनीला त्या खणांत बसवून पाहायला लागले, आणि आकडेमोडीच्या खणात फारच थोड्या बसल्या.

एकीचं सांगते. टी टेस्टचं, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा की खरा हे तपासायचं, गणित होतं. तिने दोन्ही गटांचे मध्य काढले, एसडी म्हणजे प्रमाण विचलन काढलं, टी आला २.३१. डिग्रीज ऑफ फ्रीडम २८, टेबलात पाहिलं, ०.०५ ला २.०४८, म्हणजे तिचा टी त्याहून मोठा. सगळं चोख, अक्षरसुद्धा मोत्यासारखं. आणि तिथे पेन थांबलं. शेजारणीच्या वहीत डोकावून तिने विचारलं, 'रिजेक्ट का ॲक्सेप्ट?' शेजारीण म्हणाली, रिजेक्ट. हिने लिहिलं रिजेक्ट. म्हणजे नेमकं काय रिजेक्ट झालं, दोन गटांत फरक आहे की नाही, हे मी विचारलं तर डोळ्यांत टचकन पाणी. इथे मॅथ्स वीक कुठे आहे? गणित तर तिने माझ्यापेक्षा नेटकं केलं होतं. तिला भीती आहे ती आकड्यावरून बोलायची. आकडा काढेपर्यंत कॅल्क्युलेटर सोबतीला असतो, त्यानंतर 'म्हणून असं आहे' हे स्वतःच्या जबाबदारीवर म्हणायला लागतं. आर्ट्सच्या मुलींना आकड्यांच्या जोरावर ठाम विधान करायची सवय कोणी लावलेली नसते. त्यात 'फरक नाही' या गृहीतकाला नल हायपोथिसिस म्हणायचं आणि 'नल हायपोथिसिस फेटाळता येत नाही' असली उलटीपालटी भाषा आमच्या विषयाने करून ठेवलेली. स्टार्समध्ये या एका धास्तीला ११ विधानं दिली आहेत ते उगाच नाही.

दुसरी धास्ती मदत मागण्याची, तिला चारच विधानं आहेत. माझ्या मते कमी आहेत. 'कुणाला डाउट?' असं विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही शिक्षकाला माहीत आहे. फळा पुसायला वळले की कुजबुज सुरू. रात्री साडेदहानंतर फोन वाजायला लागतो. 'मॅम, सॉरी टू डिस्टर्ब, एक सिली डाउट होता.' बरं, तो डाउट अजिबात सिली नसतो, सगळ्या बॅचला पडलेला तोच असतो. काही जणी तर 'माझ्या मैत्रिणीला विचारायचं होतं' म्हणून विचारतात. त्या मैत्रिणीने आजवर माझ्याकडे फी भरलेली नाही. एकदा मी सुचवलं की हेच प्रश्न ग्रुपवर टाका, सगळ्यांना उत्तर मिळेल. ग्रुपवर तेव्हापासून फक्त वाढदिवसाचे केक येतात.

आता फ्रान्सकडे वळते, कारण हीच चार विधानं तिथल्या मुलीने वाचली तर तिच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं, हे भाचीला विचारल्याशिवाय मला राहवेना.

तिकडे स्टॅट्सचा मुख्य तास भल्यामोठ्या सभागृहात होतो. पायऱ्यापायऱ्यांचं ते सभागृह, शेकडो मुलं, खाली ठिपक्याएवढे प्राध्यापक. तिथे हात वर करून विचारायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे न विचारणं हे भित्रेपणाचं लक्षण नव्हे, ती रीतच आहे. विचारायचं ते छोट्या गटांच्या तासाला, जिथे गणितं सोडवून घेतात, आणि तिथे बहुधा शिकवणारा पीएचडी करणारा तरुण मुलगा किंवा मुलगी असते. तेव्हा 'शिक्षकांकडे मदत मागायला जाताना' असं लिहिलं की भाची विचारते, कुठल्या शिक्षकांकडे? वरच्या की खालच्या? माझ्या टीवायच्या मुलीला हा प्रश्न पडणार नाही. तिला शिक्षक म्हणजे समोर उभी असलेली, तिच्या आईला ओळखणारी, गोखले रोडवर भाजी घेताना भेटणारी बाई.

परीक्षेच्या धास्तीचं तसंच. तिकडे मार्क २० पैकी, १० ला पास. शिवाय साधारणपणे एका विषयात कमी पडलं तर दुसऱ्यातले जास्तीचे मार्क ती तूट भरून काढतात, सरासरी दहा झाली की सेमिस्टर सुटलं. भाचीला एका सेमिस्टरला स्टॅट्सने पाडायचा घाट घातला होता, सामाजिक मानसशास्त्राने उचलून धरलं. आमच्या मुंबई विद्यापीठातल्या मुलीला ही चैन नाही. तिथे विषय राहिला की केटी, आणि केटीचा शिक्का म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जात, प्रत्येक मावशी-काकूच्या तोंडी. त्यामुळे 'स्टॅट्सच्या परीक्षेचा निकाल पाहायला जाताना' या प्रसंगाला दोघींनी चार हा आकडा दिला, तरी ते दोन चार सारखे नाहीत.

असे आकडे दोन्हीकडे सारख्याच अर्थाचे असणं याला संशोधनात मापनाची समानता म्हणतात आणि ती तपासायच्या पद्धती आहेत. साधी गोष्ट अशी की माझी वीत आणि माझ्या आठ वर्षांच्या पुतणीची वीत, दोन्ही वीतच. ओटा किती वितींचा ते दोघींनी सांगितलं तर आकडे वेगळे येतील, आणि ओटा तोच. तेव्हा एका देशात बनवलेली मोजपट्टी दुसऱ्या देशात नेताना आधी वीत जुळते का ते बघावं लागतं. शब्द फ्रेंच केले, उलट इंग्रजी करून ताडून पाहिले, एवढ्याने भागत नाही. इंटरनॅशनल टेस्ट कमिशनने चाचण्या एका भाषेतून दुसरीत न्यायचे नियम घालून दिलेत, २०१७ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती निघाली. त्यांत यावरही भर आहे की आधी नव्या लोकांत ती कल्पना त्याच रूपात वावरते का ते पाहा, मग मुलांच्या उत्तरांवरून तपासा की सहाचे सहा गट तसेच पडतात का. ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर ही सहा गटांची रचना तपासून २००८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, तिथे ती टिकली. म्हणून ती फ्रेंच बोलणाऱ्यांतही टिकेल असं आपोआप होत नाही.

आणि 'फ्रेंच बोलणारे' हीसुद्धा एक जात नाही. फ्रान्समध्ये पूर्वी बारावीच्या पातळीवर साहित्य, अर्थ-समाज आणि विज्ञान अशा शाखा असायच्या. साहित्याच्या शाखेतून मानसशास्त्राला येणाऱ्या मुलीचं गणित बऱ्याचदा आधीच सुटलेलं असायचं. २०१९ पासून शाखा मोडीत काढल्या तेव्हा शेवटून दुसऱ्या वर्षाच्या सगळ्यांसाठीच्या विषयांतून गणितच गेलं. मोठी ओरड झाली, मग २०२३ पासून ज्यांनी गणित निवडलेलं नाही त्यांना आठवड्याला दीड तास परत लावून दिलं. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या मुली वेगवेगळी भीती घेऊन आलेल्या असणार. उलट कॅनडातल्या क्विबेकमध्ये मुलं विद्यापीठाआधी सेजेप नावाच्या कॉलेजात जातात आणि तिथे समाजविज्ञानाच्या मुलांचा संख्यात्मक पद्धतींचा एक कोर्स होऊन गेलेला असतो. त्यांना स्टॅट्स ही अचानक दारात उभी राहिलेली पाहुणी नसते. भाषा तीच, ओळख वेगळी. आपल्याकडे आर्ट्स, कॉमर्स, सायन्सच्या मुलांना एका बाकावर बसवून 'मराठी विद्यार्थ्यांची स्टॅट्सची भीती' असा आकडा कुणी काढला तर मी तरी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

माझा खरा राग मात्र बेरजेवर आहे. ५१ विधानं, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच, म्हणजे २५५ पैकी तुमची भीती अमुक. कितीतरी ठिकाणी असा एकच आकडा घेऊन पुढचं सगळं करतात. आता माझ्या क्लासमधल्या दोघी घ्या. एक बिनधास्त आहे. तिला परीक्षेची भीती नाही, विचारायची लाज नाही, फक्त तिचं ठाम मत आहे की काउन्सेलरला स्टॅट्सचा काडीचा उपयोग नाही आणि स्टॅट्सवाल्यांना माणसं कळत नाहीत. दुसरीला विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, तिला पुढे संशोधन करायचंय, माझ्याबद्दलही तिचं बरं मत असावं, पण फळ्यावर सिग्मा लिहिला की तिचे तळहात भिजतात. बेरीज दोघींची सारखी येऊ शकते. पहिली घाबरलेलीच नाही, तिचं विषयाशी भांडण आहे. दुसरी घाबरलेली आहे. एकीला उदाहरणं द्यायला हवीत, दुसरीला शेजारी बसून हळूहळू सोडवून घ्यायला हवं. बेरीज केली की दोघी एकमेकींत विरघळून जातात.

हे फक्त माझं म्हणणं नाही याचा मला फार आनंद झाला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी जर्मन भाषेतल्या स्टार्सवर काम करून २०१२ मध्ये दाखवलं की सहापैकी तीनच गट भीतीचे आहेत, परीक्षा-वर्ग, अर्थ लावणं आणि मदत मागणं. बाकीचे तीन विषयाबद्दलच्या नकारात्मक मतांचे. स्पेनमध्ये तारागोना इथे २००८ मध्येच तीन गटांची, २४ विधानांची आटोपशीर मोजपट्टी तयार झाली, त्यातही हेच तीन गट ठेवले. तिची नंतर इटलीतल्या आणि स्पेनमधल्या विद्यार्थ्यांवर तुलना करून तपासणी झाली. माझी पसंती या २४ वाल्यांना. ५१ विधानं भरता भरता पोरांना वेगळीच धास्ती सुरू होत असेल.

एकाच आकड्याचा मोह जुना आहे, आणि त्याची गोष्ट फ्रेंचमधूनच आपल्याकडे आलेली आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये मुलांची बौद्धिक चाचणी बनवली ती शाळेत कुणाला जास्त मदत लागणार हे ओळखण्यासाठी. ती अमेरिकेत स्टॅनफर्डला गेली, १९१६ मध्ये टर्मनने तिची आवृत्ती काढली, आणि तिथून पुढे बुद्ध्यांक नावाचा एकुलता एक आकडा जगभर पसरला. पुढे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. प्रश्न नुसते भाषांतरित केले नाहीत, इथल्या मुलांवर तपासून लावले. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरात आहे आणि माझ्या मुलींना ती पाठ करावी लागते. बिनेला स्वतःला बुद्धी एका आकड्यात मावते असं वाटत नव्हतं, हे मात्र त्यांच्या गाइडमध्ये वाचायला मिळत नाही. मी सांगते. त्या विचारतात, परीक्षेत येणार का?

मग मीही एक उद्योग केला. स्टार्स वगैरे नाही, त्या तीन गटांच्या धर्तीवर आपल्या वातावरणातली काही विधानं मराठीत लिहिली आणि शेवटी आकडेमोडीची थोडी आणि शिक्षकांबद्दल दोन टाकली. 'कॉलेजच्या मॅडमना स्टाफरूममध्ये जाऊन शंका विचारताना', 'फळ्यावर येऊन गणित सोडव असं सांगितल्यावर', 'एसपीएसएस सॉफ्टवेअरचा आउटपुट पाहून व्हायवाला उत्तर देताना', अशी. नाव लिहायचं नाही. पण नाव न लिहून काय उपयोग, बॅचमधल्या प्रत्येकीचं अक्षर मी ओळखते. म्हणून फक्त बरोबरच्या खुणा करायच्या, एकच निळं पेन सगळीकडे फिरवायचं, आणि बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवलेल्या बुटाच्या खोक्यात कागद टाकून निघून जायचं, असा बंदोबस्त केला. तरी एकीने खुणेऐवजी बदाम काढला. ती कोण ते मला माहीत आहे.

बॅच एवढीशी, तिच्यावरून मध्य-बिध्य काढणार नाही. विद्यार्थ्यांना सँपल साइजवर झापणाऱ्या बाईने ते करू नये. पण कागद पसरून बघता येतात की. परीक्षेच्या विधानांवर खुणा मध्ये-उजवीकडे, म्हणजे धास्तीच्या बाजूला, होत्या, अपेक्षेप्रमाणे. सगळ्यांत उजवीकडे गर्दी झाली होती ती फळ्यावर येण्यावर आणि स्टाफरूमवर. आकडेमोडीसाठी मुद्दाम टाकलेल्या विधानांवर निम्म्याहून जास्त जणी डावीकडे, आणि याच त्या 'मॅथ्स वीक' म्हणून आलेल्या. शिक्षकांच्या दोन्ही विधानांवर सगळ्यांनी इतक्या एकमताने 'अजिबात भीती नाही' म्हटलं होतं की मला हसू फुटलं. इतकं एकमत सहकारी सोसायटीच्या सभेतसुद्धा होत नाही. ज्या बाईच्या खोलीत बसून, तिच्याच पेनाने भरायचं, तिच्याबद्दल दुसरं काय लिहिणार?

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडेही कागद वाटले ते स्टॅट्सच्या तासालाच. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी तिच्या गटात असलेल्या कितीतरी जणी आता वर्गात नाहीत, सोडून गेल्या किंवा विषय बदलला. सगळ्यांत जास्त घाबरलेल्यांनी प्रश्नावली भरलीच नाही. खोलीत उरलेल्यांची भीती मोजली गेली. माझ्याकडेही दोघी टीवायला मानसशास्त्र सोडून समाजशास्त्राकडे वळल्या, कारण विचारलं तर एक म्हणाली, 'मॅम, तो पेपर.' त्या दोघींचा आकडा कुठल्याच रकान्यात नाही.

वाचताना एक प्रसिद्ध आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो, तो ओन्वुएग्बुझी आणि विल्सन यांच्या २००३ च्या आढाव्यातला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी दोनतृतीयांश ते चारपंचमांश जणांना स्टॅट्सची नकोशी वाटणारी धास्ती असते. मी हा आकडा माझ्या जाहिरातीच्या पत्रकावर छापायच्या विचारात होते. पण मग प्रश्न पडतो की रेघ कुठे मारली? अंग १००.४ च्या वर गेलं की ताप म्हणतो, तशी रेघ स्टार्समध्ये आखलेली नाही. तीनवर धास्ती सुरू होते की चारवर? पत्रक तसंच राहिलं, 'सुलभ पद्धतीने खात्रीशीर तयारी' एवढंच.

भीती आणि मार्क यांचं नातंही वाटतं तितकं सरळ नाही. ग्राझच्याच मंडळींनी २०१५ मध्ये लिहिलंय की भीती परीक्षेच्या आधी माणसाला अभ्यासाला बसवू शकते आणि पेपर लिहिताना तीच आडवी येते. हे मला कोणी न सांगताही पटलं असतं. माझी तळहात भिजणारी मुलगी सगळ्यांत जास्त गणितं सोडवून येते, आणि कॉलेजच्या इंटर्नलला कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून गोठते. म्हणून तिच्यासाठी हल्ली मी घड्याळ लावून पेपर देत नाही, आधी घड्याळ न लावता देते, आणि मग त्याच पेपरला पुढच्या आठवड्यात घड्याळ लावते. आकडे तेच असले की हात चालतो. अर्थ लावायच्या भीतीवर वेगळा उपाय काढला आहे, म्हणजे गणित मीच सोडवून फळ्यावर ठेवते आणि त्यांनी फक्त शेवटची ओळ मराठीत, 'रिजेक्ट' हा शब्द न वापरता, आजीला सांगितल्यासारखी लिहायची. 'ज्या मुलांना शिकवणी होती त्यांना जास्त मार्क पडले, आणि हा फरक नुसत्या योगायोगाने पडला असेल असं वाटत नाही.' ही ओळ लिहायला पहिल्यांदा त्यांना वीस मिनिटं लागली. गणिताला सात लागतात.

मदत मागण्यावर मात्र अजून हाताला काही लागलेलं नाही. रॅकवरचा खोका तसाच ठेवलाय, त्यात चिठ्ठी टाका म्हटलं. पहिल्या आठवड्यात दोन शंका आल्या आणि एक चॉकलेटचं वेष्टन. भाची म्हणते, तिकडे अडलेलं एकत्र सोडवायला वरच्या वर्षाची मुलं येऊन बसतात, तसं कर. एमएच्या मुलींना विचारून पाहते, त्यांच्या लोकलच्या वेळा जमल्या तर.

जूनच्या बॅचला हाच कागद दोनदा देणार आहे. पहिल्यांदा मी तोंड उघडायच्या आधी, फी भरायला आल्या की लगेच. म्हणजे शिक्षकांची जी काय भीती उतरेल ती माझ्याआधीच्यांची असेल. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीआधी, आणि तेव्हा गोळा करायला माझ्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंगच्या क्लासच्या बाईंना बसवणार. त्यांना कुणीच घाबरत नाही.